सुट्टीबुवाचा शेवटचा फोन

प्रिय ढब्बू,

पाकीट बघून तू घाबरला असशील. आई आणि पत्र, म्हणजे नक्की काहीतरी झालंय, असंच मनात आलं असेल. तर आधी हे घे: सगळे धडधाकट आहेत, जेवताहेत, भांडताहेत. पण पुढचं खाली उतरून वाच. पुलाच्या फळीवर पाय सोडून बसून नको. तो वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकव, जमिनीवर टेक आणि मग वाच. मी थांबते.

बसलास? तर भिंगरी तुझ्या फोनवर का येत नाही, ते सांगायला बसले आहे. आधी तुला वाटलं झोपली असेल, मग वाटलं रुसली असेल, आणि गेल्या खेपेला तू सुनेला म्हणालास की पोरीला माझ्यापासून तोडायचं ठरवलंयस का. मी स्वयंपाकघरात होते, मला तुझं ओरडणं तिथपर्यंत आलं. तिने फोन ठेवला आणि धुतलेली भांडी परत धुवायला घेतली. तुझं चुकलं, ढब्बू. तिचा त्यात काडीचा दोष नाही. पण खरं कारण दोन-चार मिनिटांत सांगण्यासारखं नाही, आणि फोनवर तर मुळीच नाही. का, ते येईल पुढे. मी एक सांगायला बसते आणि दुसरंच सांगून उठते, हे तू लहानपणापासून बघतोयस. पण या वेळी सगळं त्याच वाटेवरचं आहे, तेव्हा मधलं गाळू नकोस.

सुट्टीबुवा आठवतो ना? आठवायलाच हवा, तूच सोडलेलं पिल्लू ते. पोर बागुलबुवाला घाबरून रडायची, तेव्हा तू तिला सांगितलंस की बागुलबुवाला एक धाकटा भाऊ आहे. तो कुणाला घाबरवत नाही. परीक्षा संपली की शाळेची घंटा पोत्यात घालून घेऊन जातो, आणि सुट्टीच्या पहिल्या सकाळी घरोघरी फोन करून मुलांना विचारतो, बोल, काय पाहिजे. दुसऱ्या दिवशी खिडकीत काहीतरी ठेवलेलं असतं. पहिल्या वर्षी तूच बोललास, खालच्या लाँड्रीतून. मग तुला पुलाचं काम लागलं, आणि निघताना बॅग उचलता उचलता मला म्हणालास, आई, बुवाचं तेवढं बघ. जसं काही गॅसचं बटण बघायला सांगतोयस.

मी बघितलं. आणि खरं सांगू, मला त्यात इतकी मजा आली की काय सांगू. बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा तोंडापुढे धरायचा, घसा पार पोटात न्यायचा आणि बोलायचं. लाँड्रीवाला भला माणूस, तेवढा वेळ इस्त्री उभी करून ठेवायचा, रेडिओ बंद करायचा. मी लटकलेल्या कोटांच्या मागे. एकदा एक साहेब पँट न्यायला आले, माझा आवाज ऐकून दचकले आणि विचारलं, आत कोण आहे? लाँड्रीवाला म्हणतो, बुवा आहेत, कामात आहेत, उद्या या. ते खरंच उद्या आले. घरी वर जावं तर भिंगरी जिन्यातच धरायची, आजी, तू नेमकी बाहेर जातेस आणि बुवाचा फोन येतो, तुझं नशीबच फुटकं. मी हळहळायची. असं हळहळायची की मलाच खरं वाटायचं.

सुनेला मात्र हे पहिल्यापासून नको होतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते. दिसतं ते दिसतं, नाही ते नाही, अशी तिची शिस्त. ती म्हणायची, लहान मुलाला गोष्ट सांगा, पण गोष्ट म्हणून सांगा. मी म्हणायची, अगं, गोष्ट म्हणून सांगितली की तिच्यातली हवाच जाते. मोठेपणी खरं कळायचंच आहे, त्याची कसली घाई. यावर ती जे म्हणाली ते मी तेव्हा उडवून लावलं आणि आता रोज मनात घोळवते. ती म्हणाली, "उद्या तिला कळेल की हे खोटं होतं. मग आपलं खरंही ती त्याच खणात टाकून देईल." तिच्या अशा बोलण्याला मी पुस्तकी म्हणते. चार दिवस आमचं बोलणं मीठ-साखरेपुरतं होतं. शेवटी तोड काढली ती अशी की या सुट्टीचा फोन शेवटचा. बुवाने निरोप घ्यायचा. आता तू मोठी झालीस, मी धाकट्या मुलांकडे जातो, म्हणायचं आणि संपवायचं. वाक्यंसुद्धा तिनेच बसवून दिली. मी फरशी पुसताना पाठ केली.

सुट्टीची पहिली सकाळ. सून उशिरा जाते म्हणाली दुकानात, शेवट नीट होतोय ना ते बघायला. मी खाली, कोटांच्या मागे. लावला फोन. पोत्यात घंटा आहे, ही ऐक, म्हणून डब्यावर चमचा वाजवला. तर पोरगी म्हणते, "थांब, कान बदलते. या कानात तू येत नाहीस." मी हसले. म्हटलं, बुवा कुठल्याही कानात येतो. ती म्हणाली, नाही, या कानात कोणीच येत नाही. आई पण नाही, शाळेतल्या बाई पण नाहीत. आणि मग आवाज एकदम बारीक केला. आईला सांगू नकोस म्हणाली. कान ठणकतो, त्यातून घाण येते, उशी उलटी करून झोपते म्हणाली. पोहण्याच्या सरांनी सांगितलंय, ज्याचा कान वाहतो त्याने पाण्यात उतरायचं नाही. आणि सुट्टीचं पोहणं तर दुसऱ्याच दिवशी सुरू होणार. "मला खिडकीत काही नको. उद्याच्या आत तेवढा कान चालू कर. मी कधीची तुझ्या फोनसाठी थांबलेय."

ढब्बू, माझं पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. तिला आपण भिंगरी का म्हणतो रे? हाक मारली की पोर जागच्या जागी गोल फिरते, हाक कुठून आली ते शोधत, म्हणून. मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तूही खळखळून हसला होतास. लाडाचं नाव आपण तिच्या दुखण्यालाच ठेवलं होतं, आणि कुणालाच कळलं नव्हतं. तिकडे सून तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभी असणार, निरोप ऐकायला, आणि पोर तोंडावर पंजा धरून कुजबुजतेय, म्हणजे तिला एक अक्षर ऐकू जात नसणार.

हो म्हणावं, तर ही उद्या पाण्यात उडी मारणार, बुवाने कान बरा केला म्हणून. नाही म्हणावं, तर फोन ठेवून पुढच्या सुट्टीची वाट बघत बसणार. डब्यातूनच म्हटलं, आईला सांग. तर म्हणते, आईला सांगायचं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं. म्हटलं वर जाऊन सुनेच्या कानात सांगावं. पण मग बुवा चुगलखोर ठरणार. आज निदान बुवाला तरी सांगितलं, उद्यापासून कुणालाच काही सांगणार नाही ही पोर. लाँड्रीवाल्याला माझं तोंड बघून काय वाटलं कोण जाणे, त्याने स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही. डबा खाली ठेवला आणि माझ्या आवाजात म्हटलं, "भिंगरे, मी आजी बोलतेय. बुवा नाहीये. आईकडे फोन दे."

मला वाटलं, फोन आपटणार आणि सुटणार पळत. मग सुनेचा आवाज आला, काय झालं म्हणून.

आता हे वाचून चिडू नकोस की तुला तेव्हाच का नाही कळवलं. तू त्या उंचीवर, हातात आग घेऊन काम करतोस. आम्ही दोघींनी ठरवलं की आधी निभावून नेऊ, मग सांगू. या गोष्टीत आमचं एकमत झालं, म्हणजे बघ किती घाबरलो होतो. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याला भोक आहे आणि सडत सडत हाडापर्यंत आलंय. या कानाने पाण्यात गेली असती तर आत मेंदूपर्यंत जायला वेळ लागला नसता. ऑपरेशन लगेच करावं लागलं. बाहेरच्या बाकावर मी आणि सून. मी मनात म्हणत होते, आता ही मला बोलेल. बघा, म्हणेल, तुमच्या बुवाच्या भरवशावर पोरीने दुखणं दडवलं. आणि ते खरंच होतं. तो नसता तर कदाचित आधीच आईजवळ रडली असती. पण तिने एवढंच म्हटलं की मला तिने सांगितलं नसतं, आई, तिने बुवालाच सांगितलं. कोण बरोबर होतं ते मला अजून कळलेलं नाही, तुला कळलं तर मला सांग.

आणि आता गोड बातमी. पट्टी निघाली, आठवडे गेले, आणि मग एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या, त्याच कानाच्या अंगाला, मागे उभं राहून कागद चुरगळला. पोर फिरली नाही, थेट वळली. ढब्बू, मी दवाखान्यात नाचायचीच राहिले. आता घरात नुसता उच्छाद आहे. नळ ठिबकतो म्हणते, आजी तू घोरतेस म्हणते, वरच्या मजल्यावरची बाई नवऱ्याला काय बोलते ते आम्हाला जेवताना सांगते. सून डोळे वटारते आणि मग विचारते, पुढे काय म्हणाली? पोहणं मात्र वर्षभर बंद. त्यावरून रोज रडारड. होऊ दे. बुवाबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, विसरली. पोरं विसरतात. मी तर खुशीत होते की स्वस्तात सुटले.

पण तुझे फोन येत राहिले आणि तिचं हे न येणं सुरू झालं. कानाला लागत असेल म्हणून सुनेने रिसीव्हर चांगल्या कानाला धरून बघितला, तर मान काढून घेतली. तुझ्यावर राग असेल म्हणून विचारलं, तर राग कशाला येईल म्हणते. सुनेने समजावलं, मी समजावलं. त्यात एकदा तुझा फोन आला तेव्हा मी नेमकी लाँड्रीत चादरी आणायला गेलेली. वर येऊन बघते तर ही खिडकीत उभी, खाली लाँड्रीच्या दाराकडे टक लावून, आणि फोन सुनेच्या हातात वाट बघतोय. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

काल दुपारी तिची वेणी घालत होते, कानाला धक्का न लावता, हळूहळू. म्हटलं, आज रविवार, बाबांचा फोन येईल, आज तरी बोल. तर मान न वळवता, अगदी समजूतदारपणे, मोठ्या बाईसारखी म्हणाली, "आजी, आता बाबांचा फोन नको करत जाऊस. मला कळलंय. दोघांचे आवाज काढून तुझा घसा दुखत असेल." वेणी माझ्या हातातून सुटली. मी शपथा घेतल्या, तिच्या, माझ्या, सगळ्यांच्या. ती हसली आणि माझ्या गालावरून हात फिरवला, बरं बरं, म्हणाली, म्हातारं माणूस म्हणून. तुझा फोटो दाखवला, तर म्हणते, हो, हे बाबा, हे असायचे. तिचं तरी काय चुकलं? तुला तिने शेवटचं पाहिलं तेव्हा तिला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. त्यानंतर तू म्हणजे एक आवाज, लांबून, घुमत येणारा, डब्यातून आल्यासारखा, आणि सुट्टीसाठी काय पाठवू ते विचारणारा. बुवाही तेच विचारायचा. सुनेला तू जे बोललास त्याची माफी माग, तीही फोनवर नको. पुलाचं काम अर्धं राहिलं तर राहू दे, साहेबांना काय सांगायचं ते सांग. दारात ये, आणि काही बोलण्याआधी तिला तुझा हात धरून बघू दे.

तुझीच, आणि यापुढे दुसऱ्या कुणाचीही बाजू सांभाळायला नकार देणारी,
आई