गोरखचं वजन

॥ श्री ॥

सोनई, ता. नेवासा
दि. ७ फेब्रुवारी १९७१

ती. सौ. रतनअक्काच्या पायांशी धाकटा भाऊ गोरक्षनाथ याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाल आहेत. तुझी आणि दाजींची खुशाली कळवावी. ज्वारीची काढणी चालू असल्याने पत्राला उशीर झाला, रागावू नये.

काल सोसायटीच्या गोदामात पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. काटेवाल्याने विचारलं, पोतं कुठंय? मी म्हटलं, मीच पोतं. एकाहत्तर किलो भरलो. लघवीत साखर निघाली म्हणून तुझ्याकडे श्रीरामपूरला आलो तेव्हा शहाण्णव होतो. तुमच्या ओसरीवरची बाज माझ्याखाली मोडली होती, ती दाजी अजून विसरले नसतील. तुझ्या हातचं चार महिने खाऊन उतरलो त्याला येत्या चैत्रात दोन वर्षं होतील, आणि अजून काटा किलो-दीड किलोच्या पलीकडे सरकलेला नाही. एवढं डॉक्टरांना मुद्दाम सांग.

नेम तोच चालू आहे. भाकरी नाही, भात नाही, गूळ-साखर नाही, बटाटा नाही. सकाळी दोन अंडी आणि ताक. दुपारी पालेभाजी नाहीतर वांगं आणि मूठभर शेंगदाणे. संध्याकाळी दही. बाजारच्या दिवशी मटण. गावाने आधी मला क्षय झाला असं ठरवून टाकलं होतं. शेजारचा आसाराम तर अंगारा घेऊन आला. आता सगळ्यांना सवय झाली, मला बिनभाकरीचे पाटील म्हणतात.

एक मात्र अजून अंगवळणी पडत नाही. झुंबर चुलीपुढे बसते, तव्यावरची भाकरी फुगते, तिचा वास येतो, तेव्हा मी उठून गोठ्यात जातो. आमच्या कानिफच्या लग्नात पंगतीला बसलो आणि पानातली पोळी तशीच ठेवली. व्याही रुसले. झुंबर म्हणते, मानूस घरातच हाय, पन जेवायला पाव्हना. तिचं खोटं नाही.

दाजींना माझा नमस्कार. तुझी माया आहे तशीच माझ्यावर राहू दे, एवढंच मागणं.

तुझा
गोरख

॥ श्री ॥

श्रीरामपूर
दि. २० फेब्रुवारी १९७१

चि. गोरक्षनाथ यास रतनअक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी ते शेजारणीला वाचून दाखवलं आणि मग डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा काढून पुन्हा वाचलं. म्हणाले, वजन उतरवणारे मी पुष्कळ पाहिले, उतरलेलं राखणारे फार थोडे. तुमच्या भावाला सांगा, हा नेम दोन-चार वर्षांचा नाही, जन्माचा आहे. मी म्हटलं, आमचा गोरख हट्टी आहे, तुम्ही बघाच.

पोळी पानात ठेवलीस ते बरं केलंस. व्याह्यांचा रुसवा चार दिवसांचा, तुझी तब्येत जन्माची. झुंबरला सांग, पाव्हना म्हण पण त्याला भाकरी दाखवू नकोस. आणि हे पक्कं ध्यानात ठेव, ते एकाहत्तर किलो तुझे नाहीत, माझे आहेत. चार महिने तुझी चूल वेगळी मांडली होती मी. त्यातला एक किलो जरी वाढवलास तरी मला विचारून वाढव!

इथे पाटाचं पाणी भरपूर, मंडईत मेथी आणि चुका ढिगाने पडलाय. भाजी पाहिली की तुझी आठवण येते. हे बरे आहेत, कापसाच्या गिरणीत सध्या काम फार. भिमा सुनेला आशीर्वाद. पत्र पाठवत जा, तेवढ्याने जीव थाऱ्यावर राहतो.

तुझी
अक्का

॥ श्री ॥

सोनई
दि. ३ सप्टेंबर १९७२

ती. सौ. अक्कास गोरखचा शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहावं असं काही इकडे घडत नव्हतं.

यंदाही पाऊस नाही. विहिरीचा तळ दिसतो. कानिफ बैलं घेऊन जनावरांच्या छावणीवर गेला, महिनाभर तिकडेच आहे. गाय गेल्या आठवड्यात घोडेगावच्या बाजारात विकली. बाजारात जनावरं इतकी की माणसाला उभं राहायला जागा नव्हती, आणि घेणारे चार-पाचच. दावं सोडून दिलं तेव्हा ती माझ्याकडे वळली नाही. नव्या धन्याच्या हातात पेंढी होती, तिकडेच गेली. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

गावाबाहेर तळ्याचं दुष्काळी काम निघालंय. मला हजेरी घ्यायला बसवलं आहे. मजुरांना दुपारी सुकडी मिळते, पिठाची आणि गुळाची, वाटायची जबाबदारी माझ्याकडेच. बसून काम आहे, त्रास काही नाही. भिमाला दिवस गेलेत, ही आनंदाची बातमी.

माझ्या नेमाची काळजी करू नकोस. सगळं ठीक चाललं आहे.

इथेच पुरं करतो. दाजींना नमस्कार, तुझा आशीर्वाद असू दे.

तुझा
गोरख

॥ श्री ॥

श्रीरामपूर
दि. १२ डिसेंबर १९७२

चि. गोरखला आशीर्वाद. वि. वि.

खुशालीचं नंतर. आधी मनातलं लिहिते, कारण तीन दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही.

परवा हे गिरणीतल्या एकाला म्हैस बघायची म्हणून त्याच्याबरोबर घोडेगावच्या बाजाराला गेले होते. एस.टी.च्या थांब्यावर तू दिसलास. ह्यांनी हाक मारली नाही. घरी येऊन म्हणाले, गोरखचं तोंड पुन्हा वाटोळं झालंय, सदऱ्याची बटणं ताणलीत. मी म्हटलं, दुसरा कुणी असेल. तर म्हणाले, तुमच्या सोनईचेच दोघे चहाच्या दुकानात बोलत होते, की मजुरांच्या बरगड्या वर आल्यात आणि हजेरीवाला तेवढा फुगतोय, सुकडी कुठं मुरते ते दिसतंच आहे.

तू लोकांच्या तोंडचं काढून खाल्लंस असं मी म्हणत नाही. पण नेम मोडलास हे तर खरं ना? सप्टेंबरात लिहिलंस सगळं ठीक आहे. मला कशाला फसवलंस? चार वर्षांपूर्वी मी धुरात बसून तुझ्यासाठी वेगळं रांधलं, तुझं वजन पाटीवर लिहून ठेवलं, डॉक्टरांजवळ छाती पुढे काढून तुझं नाव घेतलं. आता त्यांना काय तोंड दाखवू? सगळा मुलूख उपाशी असताना तुझ्या जिभेला आवर घालता आला नाही? इथे मंडईत भाजी आहे, तशी तिथेही शोधली तर मिळाली असती. शोधायची इच्छा हवी.

वजन उतरल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

रतन

॥ श्री ॥

सोनई
दि. २० डिसेंबर १९७२

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे. नेम मोडला. हजेरीचं काम कालपासून सोडलं. खडी फोडायच्या टोळीत नाव घातलं आहे. वजन उतरवतो आणि मग कळवतो.

दाजींना नमस्कार.

गोरक्षनाथ

सोनई
दि. १६ जानेवारी १९७३

सौ. वन्संबाईस्नी झुंबरचा नमस्कार.

हे पत्र शाळेतल्या मास्तरीणबाई लंकाबाई लिवून देत्यात. मी म्हनते तसंच लिवा, सुधारू नका, असं त्यांना सांगितलंय.

तुमच्या भावाला काल आसारामनं बैलगाडीत घालून घरी आनलं. खडीव बसले हुते, उठाया गेले आन् आडवे झाले. आता बोलत्यात. पन डोळे उघडत न्हाईत, पापन्या सुजल्यात. पाय खांबावानी झाल्यात, बोट दाबलं तर खळगा पडतो आन् तसाच ऱ्हातो.

वन्सं, तुमी मोठ्या हाय, तुमाला बोलायची माझी पायरी न्हाई. पन तुमचं पत्र आलं त्या दिसापास्नं त्यांनी भाकरी सोडली. तेवढी एक भाकरीच हुती घरात, दुसरं काय हुतं? गाय गेली तवाच दही-ताक गेलं. हिरवी भाजी तर डोळ्यांना दिसली न्हाई आकाडापास्नं. चार कोंबड्या हायत, त्यांची अंडी भिमाला, तिला सातवा लागलाय. हेच म्हनाले, माझ्यापरास तिला लागत्यात. मंग काय खायाचं? रेशनची लाल मिलो जवारी आनली, तिची भाकरी आन् मिरची, दोन्ही वक्ताला. खाताना भिताडाकडं तोंड करून बसायचे, चोरून खाल्ल्यावानी. मला म्हनायचे, अक्काला कळवू नको, तिचे एकाहत्तर ग्येले.

सुकडीला त्यांनी बोट लावलं न्हाई. बाया उरलेली घरी न्या म्हनायच्या, तरी न्हाई. लोकं बोलली ती त्यांच्या कानाव आली हुती, पन ते काय मनाव घेत नव्हते. तुमी लिवलं ते मनाव घेतलं. महिनाभर पान्यावर आन् मूठभर दाण्यावर खडी फोडली, आन् वजन तर उतरंना, आंग सुजतच गेलं. मला इचारायचे, झुंबरे, मी काय खात न्हाई, मंग हे वाढतंय कशानं?

कानिफ छावणीवनं येतोय. तुमी कायतरी करा. लई भ्याव वाटतंय.

झुंबर

॥ श्री ॥

सोनई
दि. ९ एप्रिल १९७३

ती. सौ. अक्काच्या चरणी गोरखचा शि. सा. न. वि. वि.

ओळी वाकड्यातिकड्या येतील, सांभाळून घे. डाव्या डोळ्याला सगळं धुरातून दिसतं.

तुझ्याकडून येऊन महिना झाला. तुम्ही दोघं झुंबरचं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोटार करून आलात, दवाखान्यात तू सहा आठवडे माझ्या उशाशी बसलीस, याबद्दल काय लिहू? अंगातलं पाणी उतरलं तेव्हा माझाच हात मला ओळखू येईना, काठीसारखा. चरबी किती आणि पाणी किती हे एकदा डॉक्टरांनीच सांगितलं म्हणून बरं झालं, नाहीतर मी अजून उपास करत बसलो असतो.

आता नेम उलटा झाला आहे. मूत्रपिंडं अर्धी गेली, म्हणून अंडी बंद, मटण बंद, मीठ बंद. वेळेला चतकोर भाकरी खा म्हणतात. पहिल्या दिवशी झुंबरने पाट मांडला, स्वतःही शेजारी बसली. चार वर्षांनी आम्ही एका वेळी जेवलो. जिच्या वासाने मी गोठ्यात पळायचो ती भाकरी हातात होती, आणि मिठाशिवाय ती मातीसारखी लागली. झुंबरने विचारलं, कशी हाय? मी म्हटलं, झकास. ती पदराने डोळे पुसत राहिली, मी चावत राहिलो.

भिमाला मुलगी झाली. चांगली टणटणीत आहे. माझी अंडी तिने खाल्ली, असं म्हणून मी तिला चिडवणार आहे, थोडी मोठी होऊ दे.

तू दवाखान्यात सारखी म्हणायचीस, ते पत्र फाडून टाक. फाडलं. खरं सांगतो, तुझा राग कधीच आला नव्हता. मला खायची लाज वाटत होती, आणि तू ती लाज कागदावर लिहिलीस, एवढंच. आसारामही येऊन रडून गेला. चहाच्या दुकानात बोलणाऱ्यांत तोही होता म्हणे. त्याला मी काय क्षमा करायची? त्याचीही पोरं उपाशी होती.

पण एक विचारतो. सहा आठवड्यांत डॉक्टर रोज यायचे, आणि तू एकदाही त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाहीस. ते आले की तू तांब्या घेऊन बाहेर जायचीस. असं का, अक्का?

तब्येतीला जप. आम्हा सगळ्यांना तुझाच आधार.

तुझा
गोरख

॥ श्री ॥

श्रीरामपूर
दि. २१ एप्रिल १९७३

चि. गोरख यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

नातीचं ऐकून फार बरं वाटलं. तिच्यासाठी दुपटी शिवते आहे.

तू विचारलंस ते आठ दिवस मनात घोळवलं. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

एकोणसत्तर साली तू बरा होऊन गावी निघालास, त्या दिवशी मी डॉक्टरांचे आभार मानायला एकटीच गेले होते. तेव्हा त्यांनी मला बसवून सांगितलं होतं, की साखरेच्या माणसाची मूत्रपिंडं पुढे कधीही बिघडू शकतात. तोंड वाटोळं दिसलं, पाय जड झाले, वजन एकाएकी वाढलं, तर त्याच्या जेवणाला बोल लावू नका, त्याच पावली इकडे घेऊन या. दोनदा सांगितलं. मी हो म्हटलं. घरी आले तर तू गाठोडं बांधत होतास आणि नवा, लहान मापाचा सदरा घालून हसत होतास. मला वाटलं, एवढ्या आनंदात हे भलतं कशाला? नंतर पत्रातून कळवीन म्हटलं, आणि विसरून गेले.

विसरून गेले असं वर लिहिलं, ते पुरतं खरं नाही. घोडेगावहून आल्यावर हे म्हणाले, गोरखचं तोंड वाटोळं झालंय, त्या क्षणी डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं होतं. अगदी त्यांच्या शब्दांत आठवलं. पण पाठोपाठ लोकांचं बोलणं ऐकलं आणि मला एवढंच दिसलं, की माझी मेहनत गेली, माझं नाव गेलं. मी दौत आणि टाक घेऊन बसले. त्याऐवजी एस.टी.त बसले असते तर अडीच तासांत तुझ्या घरी पोचले असते.

तुला दाखल केलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून एकच विचारलं, महिन्याभरापूर्वी का नाही आणलंत, मी सांगितलं होतं ना? मी म्हटलं, आमच्या लक्षात आलं नाही. ते तुझ्या खाटेकडे वळले. त्यानंतर त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. तुझ्या एका डोळ्याचं आणि पुढच्या वर्षांचं जे काही त्यांनी तुला सांगितलं आहे, त्यातलं किती त्या महिन्यामुळे झालं, हे विचारायचाही झाला नाही. कधीतरी विचारीन. अजून नाही.

तू लिहिलंस की राग नाही. तेव्हा तुला हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे, म्हणून पुन्हा विचार करून लिही. घाई करू नकोस. क्षमा केलीस असं मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. राग आला तर तो लिही, शिव्या आल्या तर त्याही लिही. फक्त झुंबरकडून किंवा मास्तरीणबाईंकडून लिहून घेऊ नकोस. मी रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला ओसरीवर बसते.

अक्का