पलंगाखालचं सेगोव्हिया

प्रिय स्वानंदी,

फोनवरच बोलले असते, पण तुझा आवाज आला की तुझे बाबा पेपर तोंडासमोर धरून कान टवकारतात. म्हणून पत्र. तिसरीपर्यंत पुण्यात गिरवलेलं मराठी अजून वाचता येतं ना? अडलीस तर मोठ्याने वाच.

इथे वेलिंग्टनला थंडी सुरू झालीय. दुपारी चहा घेऊन खिडकीशी बसते आणि लायब्ररीतून आणलेलं तुमच्या स्पेनमधल्या कास्तिया प्रांताचं पुस्तक उघडते. मग बाहेरचा वारा ऐकू येईनासा होतो. आविला शहराच्या तटावरून चालते, बुरूज मोजता मोजता चुकते, पुन्हा पहिल्यापासून मोजते. मनोऱ्यावर करकोचे उभे असतात. त्यांना घाई नसते, मलाही नसते. सालामांकात उन्हं कलली की दगड मधाच्या रंगाचे होतात म्हणे. तिथल्या चौकात आल्वारोबरोबर, आमच्या होणाऱ्या जावयाबरोबर, तू दिसतेस. मी हाक मारत नाही, नुसती बघत बसते. आठवतं, बाबा सांगायचे की इथल्या अंगणात खणत गेलं तर पृथ्वीच्या पार, थेट स्पेनमध्ये निघू, आणि तू प्लॅस्टिकचं फावडं घेऊन खरंच खणायला बसलीस? निघालीस बाई शेवटी तिथेच.

दिवाळीत तू लग्नाची तारीख विचारली नाहीस, कळवलीस. बाबा म्हणाले, सगळं ठरलंच आहे तर माझं काय काम? तूही त्यांचीच लेक, पत्रिका पाठवलीस ती एकट्या माझ्या नावाने. मुलीच्या बापाने गावभर अक्षत द्यायची, तर इथे बापच बोलावण्यावाचून राहिला. तेव्हापासून तुम्ही दोघं गप्प. मला दोघांचाही राग येतो.

परवा त्या पुस्तकात, सेगोव्हियाच्या पानात, बाबांच्या अक्षरातला कागद सापडला. रोमन लोकांनी पाणी आणायला बांधलेल्या त्या उंच कमानींचं चित्र, शेजारी मापं. भूकंपात पडू नयेत म्हणून जुन्या इमारती जन्मभर सळयांनी बांधत आलेला हा माणूस, आणि तिथे चुनाबिना काही नाही, दगडावर दगड ठेवलेला दोन हजार वर्षं उभा! खाली लिहिलंय, जाऊन बघायला हवं.

आणि काल केर काढताना पलंगाखाली बॅग लागली. आत दोन जाड स्वेटर, कानटोपी, लोकरीचे हातमोजे. तळाशी रुमालात गुंडाळलेल्या मुंडावळ्या, मोत्यांच्या, दोन जोड. लग्न जुलैत, जुलैत आपल्याकडे कडाका, तेव्हा तिकडेही कडाकाच, असा यांचा हिशेब. एवढा मोठा इंजिनियर! पण तिकडच्या हवेचं विचारणार कोणाला? ते तर येणारच नाहीयेत ना! मी हसले, आणि तिथेच फरशीवर बसून रडले. मग बॅग होती तशी आत सरकवली. मी पाहिली असं कळलं तर रिकामी करून टाकतील.

आपणहून ते काही बोलायचे नाहीत. रविवारी सकाळी उठलीस की फोन कर, तेव्हा आमची संध्याकाळ असते. माझ्या नाही, त्यांच्या फोनवर. आणि नेहमीसारखं इंग्रजीत नको. मराठीत म्हण, बाबा, तू लग्नाला ये. ते हो म्हणाले की मग सहज सांग, इथे ऊन फार असतं, सुती कपडे आण.

तुझीच,
आई