गच्चीवरच्या डेलियाचा वारस

मी, शुभंकर माधव शितोळे, वय बावीस, राहणार गोत्री, बडोदे, धंदा सध्या फुलझाडं, शिक्षण अर्ध्यात सोडलेलं, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. याबाबत घरात दुमत आहे, पण ते आजचं नाही. हे मी कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. उलट लिहू नये म्हणून आईने पेन काढून घेतलं होतं.

कारण असं की सोमवारी माझं ऑपरेशन आहे. माझी एक किडनी बाबांना बसवायची आहे. डॉक्टर म्हणतात, देणाऱ्याला धोका कमी. कमी म्हणजे किती, असं विचारलं की पाठीवर थाप मारतात. बाबा पहिल्यापासून नको म्हणत होते. "मृत्युपत्र मी करायचं की तू, गाढवा?" असं काल म्हणाले. डावी किडनी त्यांना आधीच कबूल केलेली असल्याने ती खालील वाटणीत धरलेली नाही.

१. बँकेत जे काही असेल ते आईचं. बाइक बाबांची, त्यांना चालवू देऊ नये, पुसत बसले तर बसू द्यावं.

२. निशिगंध आणि ग्लॅडिओलसचे कंद सोसायटीत ज्याला हवेत त्याला. कर्दळ कुणाच्या नावे करत नाही. तिचा एक तुकडा कुठे पडला तरी ती कंपाउंडभर होते, तिला कागद लागत नाही.

३. "माळीच व्हायचंय तर बाक कशाला अडवतोस?" असं भर वर्गात म्हणणाऱ्या सरांना माझ्या मिळकतीतलं एक पानसुद्धा जाऊ नये. दार मी आपटलं, त्याचा खेद नाही. बाकावर राहिलेला आईचा डबा मात्र त्यांनी परत करावा.

४. वांगी रंगाचा, पांढऱ्या टोकांच्या पाकळ्यांचा डेलिया, कुंडीसह, ब विंगमधल्या शर्वरी गुप्तेला. हा विकत आणलेला नाही. पिवळ्या डेलियाचं बी पेरलं त्यातून निघाला. याचं बी पेरलं तर दुसरंच काही येईल. हाच हवा तर याचाच कंद लागतो. तो जगात फक्त माझ्या गच्चीवर आहे. मी कटिंगं मुद्दाम काढली नाहीत. शर्वरीला जे द्यायचं ते आणखी कुणाकडे असू नये.

जानेवारीत पहिलं फूल आलं तेव्हा ती म्हणाली, "रागावलेला कोबी दिसतोय. तुझ्यावर गेलाय." त्या दिवसापासून मी त्याला शर्वरी म्हणतो. तिला माहीत नाही.

पानं पिवळी पडली आहेत, पाणी मी तोडलं आहे. एप्रिलमध्ये वीतभर खोड ठेवून वरचं छाटावं, गड्डा अख्खा उचलावा, सावलीत सुकवून कोरड्या वाळूत, जिन्याखाली ठेवावा. पावसाळ्यात ओल लागली की संपलं. सप्टेंबरमध्ये खोडाच्या बुडाशी डोळे फुगले की लावावा. डोळा नसलेला कंद कितीही जाडजूड असो, फुटत नाही.

५. वाघोडिया रोडवरचा नर्सरीवाला दिग्विजय याला काहीही नाही. फुलांच्या प्रदर्शनात माझ्या कुंडीसमोर उभा राहून तो म्हणाला होता, "अरे भाई, भाव बोल ने." शिवाय शर्वरीच्या बाल्कनीत कुंड्या लावायला आला तो चहा पिऊन, पुन्हा चहा पिऊन गेला. माती भरायला एवढा वेळ लागत नाही. त्याने या डेलियाला हात लावू नये. जवळून बघूही नये.

इथवर लिहिलं आणि नागरवाड्याचे मानसिंगराव काका आले. ते कोर्टात कारकून होते. म्हणाले, साक्षीदार दोन लागतात; एक मी, दुसरा शोध; ज्याला यातलं काही मिळतंय त्याने साक्ष करू नये, उगाच वाकडं नको. मग मी शर्वरीला गच्चीवर बोलावलं. साक्षीला नाही. तिला कळावं म्हणून. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं.

"एकच ठेवलास?"

"हो."

"आणि तुझ्या आईने प्रेमाने रोज पाणी घातलं तर?"

ती काकांकडे वळली.

"काका, दुसरी साक्ष मी करते."

"तुला कसं चालेल पोरी? तुला डेलिया मिळतोय."

"मग ते कलम खोडायला सांगा त्याला."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, नको असेल तर सरळ नको म्हण, काकांच्या आडून कशाला?

"सरळच सांगते. तू मेल्यावर मिळणारं मला काही नको. सप्टेंबरात स्वतः घेऊन ये. आणि नाव बदल त्याचं, मला जिन्याखाली वाळूत पडायचं नाही."

काका पाण्याच्या टाकीकडे बघत होते. फार लक्ष देऊन.

सबब कलम ४ रद्द. पण मी आलोच नाही तर? आई पाणी घालणार. बाबा अंथरुणात असणार. ही घेणार नाही. अख्ख्या बडोद्यात पावसाळाभर हा गड्डा कोण जगवेल, याचं उत्तर मला आधीपासून माहीत होतं. कलम ५ उगाच एवढं लांबलं नाही.

म्हणून तेही रद्द. माझं बरंवाईट झालं तर गड्डा दिग्विजयला द्यावा. सप्टेंबरात त्याने प्रत्येक तुकड्याला डोळा राहील असा तो कापावा, होतील तेवढे करावेत आणि मागेल त्याला द्यावेत. नाव हवं ते ठेवावं. शर्वरीने मागितला तर तिलाही नेऊन द्यावा. चहाला थांबू नये.

वरचं पुन्हा वाचलं. शेवटचं कलम आवडलेलं नाही, पण तेच खरं धरावं. खाडाखोड माझीच आहे.

बडोदे, शनिवार, २९ मार्च २०२५

(सही) शुभंकर माधव शितोळे

साक्षीदार:

१. (सही) मानसिंगराव खानविलकर, नागरवाडा. सही माझ्यासमोर झाली.

२. (सही) शर्वरी गुप्ते, ब विंग, गोत्री. माझ्यासमोरही झाली. या कागदाने मला काहीही मिळत नाही. सप्टेंबरासाठी रिकामी कुंडी आजच आणते आहे.