सुईचं टोक

१० नोव्हेंबर, सोमवार

टोक नाही!

काडेपेटीतले तुकडे परत परत जुळवून बघितले. दांडा आहे. मधला तुकडा आहे. नेढ्याखालचं टोक नाही.

मशीन साफ करायचं म्हणून सकाळी शेड उघडली. हुकाजवळचं धाग्यांचं बूस ब्रशनं काढलं, तेलाचा थेंब सोडला आणि सहज मोडलेल्या सुयांची काडेपेटी उघडली. आमचा नियमच आहे — सुई मोडली की सगळे तुकडे सापडेपर्यंत नवी लावायची नाही.

ही सुई गेल्या आठवड्यात मोडली. कोरेगावच्या बाळाच्या वाकळंवर!

नीट आठवतंय. इतर मशीनवर कापड सरकतं, आपल्याकडं वाकळ सांगाड्यावर ताणलेली असते आणि मी दोन्ही मुठी धरून उभ्यानं मशीनच फिरवते. म्हणून सुई कुठं अडली ते हातांना कळतं. जुन्या लुगड्याचा जरीचा काठ दुमडून जाड झाला होता, तिथं — खाट्! तेवढ्यात बाहेर कुरिअरवाला हाका मारायला लागला. मी गेले. जावेनं, दीपालीनं, तुकडे गोळा केले आणि नवी सुई लावून ठेवली. मी आले, बटण दाबलं आणि पुढं शिवत गेले. तुकडे बघितलेच नाहीत.

शनिवारी वाकळ गेलीसुद्धा.

११ नोव्हेंबर

सुईखालची पट्टी काढली. हुक बाहेर काढला, बॉबिनची डबी झटकली. रुळांच्या खाचा काडीनं कोरल्या. माझ्या नवऱ्यानं, भरतेशनं, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दिलं, ते सगळ्या फरशीवरून फिरवलं. दोन टाचण्या आणि एक खिळा.

दीपाली म्हणाली, "केरात गेलं असणार. तुम्ही उगाच जीव टांगणीला लावताय."

उगाच? ते बाळ सातव्या महिन्यात जन्मलेलं. किती दिवस काचेच्या पेटीत होतं. त्याच्या आईला, शिवांजलीला, लग्नानंतर इतक्या वर्षांनी झालेलं पहिलं! तिच्या सासूबाई बोटभर माप दाखवून मला सांगत होत्या, एवढाच हाय बगा पाय त्याचा.

मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालणाऱ्या घरातली मी.

१२ नोव्हेंबर

शिवांजलीनं स्टेटस ठेवलंय. वाकळंवर बाळ. मूठ तोंडात. फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. मला प्रत्येक टाक्यात सुईचं टोक उभं दिसतं.

फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणताच काहीतरीच बोलले — मऊ आहे ना, आवडली ना? ती म्हणाली, "लय मऊ हाय ताई. पण कालपास्नं किरकिर करतंय पोरगं. पोटात दुखत आसंल."

सुईचं न सांगताच फोन ठेवला.

१३ नोव्हेंबर

दीपालीशी भांडण. "तुम्ही सांगितलंत की झालं! 'माधवनगरच्या वाकळंत सुया असतात' असं पसरायला एक दिवस लागणार नाही. एवढं मशीन आणलं कशाला मग?"

तिचं चुकीचं आहे असंही म्हणता येत नाही. चुंबकाला सापडलेलं नाही काही, म्हणजे टोक केरातच असेल. असेलच.

मशीनच्या मुठी धरवत नाहीत. प्रत्येक टाक्याला वाटतं, आता मोडली!

१४ नोव्हेंबर

भरतेश एवढंच म्हणाला, "जाऊन ये. नाहीतर तू जेवणार नाहीस."

उद्या पॅसेंजरनं कोरेगावला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

परत यायला उशीर झालाय. तरी लिहिते.

रहिमतपूर आलं. वाटलं, इथंच उतरून परत जावं. कोरेगावात घर लगेच सापडलं. शिवांजलीनं आनंदानं आत घेतलं. धोंडुबाई, तिच्या सासूबाई, बाळाला तेल लावत होत्या. वाकळ पाळण्यात.

मी खोटं बोलले. म्हटलं, टाके तपासायला आलेय, धुतल्यावर उसवू नयेत म्हणून.

धोंडुबाईंनी वर बघितलं. "आवं, टाकं बगाय पार सांगलीकडनं आलासा?"

मग सगळं सांगून टाकलं. सुई, कुरिअरवाला, काडेपेटी.

शिवांजलीनं बाळ ओढून घेतलं. त्याचं सगळं अंग तपासलं. पाठीवर लाल ठिपका दिसला आणि ती रडायलाच लागली! धोंडुबाईंनी बोटानं दाबून बघितलं. "डास चावलाय. गप." पण त्यांचाही आवाज बदललेला.

वाकळ पलंगावर पसरली. चुंबक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं. उलटी करून फिरवलं. तळव्यानं दाबत गेले — टोचलं तर मलाच टोचू दे, असं वाटत होतं. काही नाही. कुठंच काही नाही!

मी म्हटलं, मला परत द्या. उसवून बघते, दुसरी करून देते.

"दुसरी कशाची करणार?" धोंडुबाई म्हणाल्या. "माझ्या सासूचं लुगडं हाय त्यात. एकच हुतं. उसवताना फाटलं तर कुटनं आणायचं?"

निदान काही दिवस वापरू नका, म्हणाले. शिवांजली भिंतीकडं तोंड करून बसली होती. पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी. का विचारावं?

दारातून निघताना तिचा आवाज आला — "एवढ्या विश्वासानं दिलंवतं आमी."

१६ नोव्हेंबर

दीपाली आज शेडमध्ये फिरकली नाही.

१८ नोव्हेंबर

मिरजेच्या बाईंनी फोन करून ऑर्डर रद्द केली. कारण विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. कोरेगावचं मिरजेपर्यंत आलं असेल?

दीपाली भांडी घासता घासता म्हणाली, "मिळालं काय जाऊन? टोक नव्हतंच तिथं." म्हणाली ते खरंच. चुंबकानं सांगितलं, तळव्यांनी सांगितलं. नव्हतंच.

आज बऱ्याच दिवसांनी मशीन चालू केलं. नवी सुई. आधी जुन्या चादरीवर टाके घालून बघितले. सुरेख आले. भीती जरा उतरली. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या. स्वतःचंच हसू आलं — केरात गेलेल्या टोकासाठी किती रामायण!

१९ नोव्हेंबर

नवीन स्टेटस. बाळ त्याच वाकळंवर. फोटो परत मोठा करायला गेले. पण म्हटलं, आता बास. तपासलंय आपण.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धोंडुबाईंचा फोन.

"तुमी गेल्यापास्नं त्या वाकळंवर माझं मन लागंना. सून म्हणती, बगितलंय की सगळं. आज ती न्हाणीत गेली आन् मी उसवाय बसले. समदी उसवली. काटाच्या जाड दुमडीत हुतं, कापसात खोल रुतल्यालं. टोक वर."

बाळ, एवढंच म्हटलं.

"माझ्या मांडीवर झोपलंय. काय न्हाई झालं त्याला." मग म्हणाल्या, "तुमी आला नसता तर मी कशाला उसवली आसती, बाई? सोमवारी उसवल्याली लुगडी घिऊन येतो आमी. परत शिवा. तुमीच शिवा."