जोडीतलं दुसरं युनिट

डोंबिवली पूर्व
९ नोव्हेंबर २०२४

चि. सुदेश यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमच्याकडेही ठीक असावं. नसतं तर माधवीला तुझा फोन आला असता आणि तिने तो मला दोन दिवस पुरवला असता.

पत्र बघून दचकू नकोस. आपण दोघं भाऊ फोनवर बोललो की तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून कागद.

मुद्द्याचं लिहितो. कल्याणचं थेटर बंद पडलं तेव्हा अण्णांनी पडद्यामागच्या भोंग्यांना आवाज देणारी दोन युनिटं आणली होती. साउंडचा धंदा वेगळा करताना आपण दोघा शहाण्यांनी एकेक वाटून घेतलं, चपलांचा जोड वाटून घ्यावा तसं. माझ्या वाटचं मी परवा उघडलं. मागच्या झाकणातला स्पंज विरघळून काकवीसारखा चिकटला होता, तो खरवडला. चुंबकाच्या खाचेत गंज आणि लोखंडाची पूड. पुठ्ठ्याच्या कडेला चिकटपट्टी लावून ती खाचेतून फिरवत बसलो, सगळी पूड निघेपर्यंत. डायफ्राम मूळचाच आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आणि शाबूत. आता झकास वाजतं.

सुताराकडून दोन लाकडी भोंगे करून घेतलेत. ते हॉलमध्ये उभे आहेत. माधवी म्हणते, दारात दोन म्हशी बांधल्यासारखं वाटतं. त्यातली एक बोलते, दुसरी मुकी आहे. तुझ्याकडचं युनिट असेल तर पाठव, महिनाभर ऐकून परत करीन. विकलं असशील तर तसं स्पष्ट लिही, मनाची तयारी आहे.

तुझ्या मंडळींना आशीर्वाद. लोभ ठेव, निदान युनिट पोचेपर्यंत तरी.

चंदू

•

कोपरी, ठाणे पूर्व
१७ नोव्हेंबर २०२४

ती. चंदूदादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमनने दोनदा नाव विचारून हातात दिलं. कोपरीत मला बँकेशिवाय कोणी पत्र लिहीत नाही.

युनिट विकलेलं नाही. उसना ॲम्प्लीफायर आणि भाड्याची हातगाडी घेऊन मी धंदा उभा केला. त्या दिवसांत पुष्कळ काही विकलं, पण अण्णांच्या युनिटाला गिऱ्हाईक दाखवलं नाही. ते माळ्यावर होतं, बायकोच्या पितळी पातेल्यांमागे. एकदा शीळफाट्याला एका धाब्याच्या उद्घाटनात अतिशहाणपणा करून लावलं आणि डायफ्राम फाडून बसलो. आता नवा मागवला. मूळचा कुठे मिळत नाही, पण हाही बरा निघाला.

बसवताना तुझी आठवण झाली. स्क्रू ढिले ठेवायचे, जाड सूर सोडायचा, कॉइल कुठे घासते ते कान लावून ऐकायचं, डायफ्राम केसभर सरकवायचा आणि घरघर गेली की तिथेच आवळायचं. हे तूच शिकवलंस. त्या वेळी स्क्रू माझ्या हातात द्यायचास आणि कान मात्र स्वतःचा लावायचास. या खेपेला दोन्ही मीच केलं. काम चोख झालंय.

आता एक विचारतो, रागावू नकोस. दिवाळीत वहिनींचा फोन आला तेव्हा तुमच्याकडे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. बातम्या देणाऱ्याचा शब्द न् शब्द मला इथे कोपरीत कळला. मधेच वहिनींनी तुला चहा घेणार का म्हणून विचारलं. तीनदा विचारलं. चहाला गप्प राहणारा माणूस तू नव्हेस. काही आहे का?

टिटवाळ्याला हॉलची ऑर्डर आहे, टेम्पो तुमच्यावरूनच जाईल. ड्रायव्हर युनिट घरात आणून ठेवेल. चांगलं जड आहे, तू उचलायला जाऊ नकोस. पत्रात युनिटाला बोलावलं आहेस, मला नाही, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

वहिनींना नमस्कार. माया कमी केलीस तरी बंद करू नकोस.

तुझा,
सुदेश

•

डोंबिवली पूर्व
१ डिसेंबर २०२४

चि. सुदेश यास,
अनेक आशीर्वाद.

युनिट पोचलं. लावलं. जोडी वाजते. छान आहे. महिना झाला की परत पाठवतो. चहाचं म्हणशील तर त्या दिवशी पित्त झालं होतं.

चंदू

•

डोंबिवली पूर्व
२ डिसेंबर २०२४

श्री. सुदेशभाऊजी यांस,
स. न. वि. वि.

यांनी तुम्हाला काल चार ओळी लिहिल्या, त्या मीच पेटीत टाकल्या. आता माझ्या वाचा. यांना कळू देऊ नका.

पित्तबित्त काही नव्हतं. तुमच्या दादांचे कान चाललेत, भाऊजी. 'स', 'श', 'त' असली बारीक अक्षरं यांना लागतच नाहीत. मी साखर म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहतात. फोनवर तर तोंडही दिसत नाही. भांडण नको म्हणून पत्र लिहितो म्हणाले असतील. खरी गोष्ट अशी, की फोनवर यांना तुमचं बोलणं कळणारच नव्हतं.

डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगितलंय. हे ऐकत नाहीत. म्हणतात, मशीनमधून ऐकायचंच आहे पुढे जन्मभर, त्याआधी अण्णांची जोडी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकू दे. भोंगे काय, सुतार काय, सगळा खटाटोप त्यासाठी.

तुमचं युनिट आल्या दिवशी यांनी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते बसवलं. डावीकडे यांचं, उजवीकडे तुमचं. एकेक लावून बघितलं तेव्हा खूश होते. मग दोन्ही एकदम लावून ती ठुमरीची तबकडी ठेवली आणि मधोमध खुर्ची टाकून बसले. थोडा वेळ मान इकडे केली, तिकडे केली. मग उठून बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, छान आहे. त्यानंतर भोंग्यांवर चादर घातलीय. काल बाहेर जाताना म्हणाले, उशीर केला आपण.

मला यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर बघा. घरात सगळ्यांना विचारल्याचं सांगा. आमच्यावर मन असू द्या.

माधवी

•

कोपरी, ठाणे पूर्व
६ डिसेंबर २०२४

सौ. माधवीवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी हसलो, मग डोळे पुसले. हसलो म्हणून रागवू नका. दादाचे कान इतकेही गेलेले नाहीत. गोंधळ मी केलाय.

सोपं करून सांगतो. जुन्या युनिटाच्या लाल खुणेला वीज दिली की डायफ्राम, म्हणजे त्यातला पातळ पडदा, आत ओढला जातो. हल्लीच्यांत तो बाहेर ढकलला जातो. दादाचा डायफ्राम जुना, माझा नवा. म्हणजे डावीकडचा हवा ओढतोय त्याच क्षणी उजवीकडचा ढकलतोय. एकेक लावा, काही कळत नाही. दोन्ही लावा, गाणाऱ्या बाईची जागाच हरवते. आवाज असतो, बाई नसते. खुर्चीत बसलेला माणूस मान हलवून तिला शोधत राहतो. कान खरोखर संपले असते तर त्याने शोधलंच नसतं.

बसवतानाच हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चोख काम झालं म्हणून ऐटीत लिहिलं होतं मी.

आता एक करा. दादा भाजी आणायला गेला, की वीज बंद करून उजवीकडच्या भोंग्यामागे जा. माझ्या दुकानाचा स्टिकर असलेल्या युनिटाला दोन तारा आहेत. लाल जागची काळ्या जागी लावा, काळ्या जागची लाल जागी. कुकरची रिंग बसवण्यापेक्षा सोपं आहे. दादाला बोलू नका, नाहीतर तुम्ही मला लिहिलंत हे उघडं पडेल. नंतर कधीतरी सहज म्हणा, की परत एकदा लावून बघा.

तुमच्या हातची चकली यंदा मिळाली नाही, तरी लोभ कमी झालेला नाही.

तुमचा,
सुदेश

•

डोंबिवली पूर्व
११ डिसेंबर २०२४

चि. सुदेश यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. जोडी छान नाही. खरं म्हणजे जोडी छान असेल, मला ती ऐकू येत नाही. चहावरून तू ओळखलंसच. माझे कान गेले.

तरी पुन्हा एकदा खात्री करून घ्यायची होती. परवा संध्याकाळी दोन्ही युनिटांना पेन्सिल सेल लावून पाहिला. माझं आत ओढतं, तुझं बाहेर ढकलतं. इतका आनंद झाला की माधवीला सांगणार होतो. पण म्हटलं, आधी ऐकू, मग सांगू. दोघांतलं एक उलटं करायचं, तर कुठलं? तुझं काम माझ्या समोर होतं. स्क्रू सगळे सारखे आवळलेले, कुठे डिंकाचा ओघळ नाही. इतकं नीट माझ्या हातून कधी झालं नसतं. म्हटलं, याचं बरोबर असणार, आपणच नमतं घ्यावं. काल सकाळी भाजी घेऊन आलो आणि आल्या आल्या माझ्या युनिटाच्या तारा उलट्या केल्या. तबकडी लावली.

पहिल्यासारखंच. बाई कुठेच नाही.

सेल खोटं बोलत नाही. तू चुकलेला नाहीस. मग राहिलो मी. वाईट वाटून घेऊ नकोस, या वयात व्हायचंच. तुझं युनिट ऐकणाऱ्या घरात असावं. टेम्पो इकडून जाईल तेव्हा घेऊन जा.

सगळ्यांना आशीर्वाद. मन मोठं ठेव.

चंदू

•

कोपरी, ठाणे पूर्व
१४ डिसेंबर २०२४

ती. चंदूदादास,
सा. न. वि. वि.

खाली बसून वाच. हे पत्र टेम्पोवाल्याबरोबर पाठवतोय, पोस्टाची वाट बघण्याइतका धीर मला नाही.

तू काल सकाळी म्हणून लिहिलंस, त्याच सकाळी तू भाजी आणायला गेलास तेव्हा वहिनींनी माझ्या युनिटाच्या तारा उलट्या केल्या, आत्ताच त्यांना फोनवर विचारून घेतलं. मी सांगितलं म्हणून केल्या. चूक माझ्याकडची होती, ती मला गुपचूप निस्तरायची होती. म्हणजे तू पिशवी घेऊन जिना चढत होतास तेव्हा जोडी अगदी बरोबर होती. मग तू आलास आणि तुझी बाजू उलटी केलीस. झालं पहिल्यासारखं.

दादा, जन्मात पहिल्यांदा तू मला बरोबर धरलंस आणि पहिल्यांदा मी स्वतःला चूक धरलं, आणि दोघांनी मिळून वाट लावली. भांडलो असतो तर एव्हाना ऐकत बसला असतास.

वहिनींवर रागावू नकोस. उद्या रविवारी मी येतोय. बोलावलं नाहीस तरी येतोय. तोवर तारांना हात लावू नकोस, वहिनींनाही लावू देऊ नकोस. मी पोचेपर्यंत त्या घरात कोणी कोणासाठी काही चांगलं करायला जाऊ नका.

बाकी समक्ष. आहे तो जिव्हाळा उद्या सकाळपर्यंत जपून ठेव.

तुझा,
सुदेश

•

डोंबिवली पूर्व
२० डिसेंबर २०२४

चि. सुदेश यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

नीट पोचलास ना? तू एका बाजूच्या तारा फिरवून गेल्यापासून तबकडी रोज लागते. बाई कपाटासमोर, गालिच्याच्या मधोमध उभी असते. माधवी मधून जाताना हल्ली वळसा घालून जाते. विचारलं तर म्हणते, उगीच कोणाच्या अंगावरून कशाला जायचं.

रविवारी तुझ्यासमोर बोललो नाही, ते लिहितो. तू म्हणालास की ओळ उचलण्याआधी ती बारीक श्वास घेते, आणि तो इतका स्वच्छ येतो की समोर बसल्यासारखा. मी हो म्हटलं. मला तो आला नाही, सुदेश. आवाज आला, बाई आली, पण श्वास नाही आला. मात्र तू ऐकत होतास तेव्हा दर वेळी त्या जागी तुझी हनुवटी जरा वर जायची. मी तबकडी ऐकत तुझ्याकडे बघत होतो. आता श्वासाची जागा मला पाठ झालीय. ती आली की मीही थांबतो.

तेव्हा जोडी ऐकून झाली. मला ऐकायची होती तेवढी आली, राहिली ती तुझ्या तोंडावर दिसली. माझी तक्रार नाही.

पुढच्या गुरुवारी मशीनसाठी जायचं ठरवलंय. आधी कान पुन्हा तपासतात. काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक शिट्ट्या सोडतात आणि ऐकू आली की बटण दाबायचं. मागच्या खेपेला काचेपलीकडे शिट्ट्या सोडणाऱ्या बाईंचा हात हलला, की मी बटण दाबत होतो. माझ्या कानांपेक्षा रिपोर्ट चांगला आला. माधवीला हे माहीत नाही.

तू बरोबर चल. बाहेरच्या बाकावर बस, आत यायचं काम नाही. या वेळी मी डोळे मिटून बसेन आणि ऐकू येईल तेव्हाच दाबीन.

मायेत आहेस, तसाच राहा.

तुझा,
चंदूदादा