काकांनी काकांशी केलेला सौदा

अमरावती, १२ डिसेंबर १९३३

प्रिय शालू,

आज सकाळी कोर्टात गेलो. दुपारी निकाल झाला. तिथून पायी घरी आलो, अंघोळ केली आणि हे लिहायला बसलो. खुशालकाका आता आपल्या बागेचे विश्वस्त नाहीत.

तुझे यजमान गेल्यावर बाबांनी तिवशाची संत्र्याची बाग आपल्या दोघांसाठी ट्रस्टमध्ये घातली, ती तुला अकोल्यात दिरांपुढे हात पसरावा लागू नये म्हणून. विश्वस्त नेमलं ते स्वतःच्या सख्ख्या भावाला, खुशालकाकांना. बाबा गेले आणि पहिल्याच बहारापासून तुझ्याकडे जायचे ते पैसे आटत गेले. तू तक्रार केली नाहीस, फक्त पत्रं छोटी झाली. बहार कसा विकला असं मी काकांना विचारलं की ते म्हणत, घरच्यांत हिशेब कसला? बाबांचा विषय निघाला की मला अजून बोलता येत नाही. काकांना हे ठाऊक होतं. ते बाबांचंच नाव काढत, आणि मी मुकाट परत येई.

म्हणून गेल्या वर्षी भाद्रपदात मी ऐन सौद्याच्या वेळी बागेत जाऊन बसलो. झाडावरचा बहार आपल्याकडे कसा विकतात ते तू पाहिलंच आहेस. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर उपरणं टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. शेजारच्याला कळत नाही. अमरावतीचे फळांचे व्यापारी नबी शेठ मुद्दाम आले होते. काकांनी खाटेवर बैठक मारली, उपरणं पसरलं आणि त्याखाली आपलाच उजवा हात आपल्याच डाव्या हातात दिला. विकणारे विश्वस्त तेच, घेणारे गिऱ्हाईकही तेच. बराच वेळ उपरणं हलत होतं. मध्येच काकांनी मान हलवून नकार दिला, एकदा तर रागावून उठले आणि स्वतःच समजूत पटून पुन्हा बसले. अखेर जमलं. घाम पुसत मला म्हणाले, बाप्पा, लई घासाघीस झाली, डावा काही ऐकूनच नव्हता राहिला. नबी शेठ अजून उभेच होते. ते शांतपणे म्हणाले, "खुशालराव, एक हात तर मले द्या."

मी दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे गेलो. हिशेब पाहायला मागणं ही भीक नाही, आपला हक्क आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि विश्वस्ताला ट्रस्टचा माल स्वतः घेता येत नाही, भाव कितीही भांडून ठरवला तरी. काकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. आज जज्जसाहेबांनी भाव कसा ठरला असं विचारलं, तर काकांनी पिंजऱ्यात उभं राहून खांद्यावरचं उपरणं काढलं आणि सगळं करून दाखवलं. शिरस्तेदार वाकून पाहत होते. भावाच्या लेकरायचा बहार, मी फुकट घेतला असता तर चोर, माह्याच हातासंग मी किती भांडलो ते पाहा, असं काका सांगत होते. साहेब थोडा वेळ रुमालात खोकले. मग त्यांनी काकांना विश्वस्तपदावरून दूर केलं आणि आपलं नुकसान भरून द्यायला सांगितलं. बाहेर पायऱ्या उतरताना काकांनी माझाच खांदा धरला.

आता पत्राचं कारण. नवा विश्वस्त कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. वकिलांनी माझा कोट ओढला. साहेबांची लेखणी थांबली. तेव्हा काकाच बोलले, "लिवा साहेब. पोरगी कडक हाये. तिच्यासमोर माहे दोनी हात उपरण्याबाहेर राहतीन." साहेबांनी लिहून घेतलं. पण तुझा होकार तुझ्याच तोंडून हवा, पुढच्या महिन्यात, इथे येऊन. बाबांनी विश्वस्त नेमताना तुला विचारलं नव्हतं, मीही न विचारताच नाव देऊन बसलो. म्हणून आता विचारतो आहे. दिरांना विचारायचं की नुसतं सांगायचं, ते तू ठरव. नको असेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. येणार असशील तर बडनेऱ्याला उतरवून घ्यायला येईन.

अंधार पडला. भाकरी थापणं अजून जमत नाही, खिचडी टाकतो.

तुझाच,
वामनदादा