जबाबात न आलेली धूळ

सांता जेनोवेवा,
मंगळवार, १३ नोव्हेंबर २०१८

प्रिय क्लेओनिसे,

तू आणि तुझी लेक रायाने, दोघी बऱ्या असाल. इकडे तसं सगळं ठीक आहे. आईचा गुडघा पुन्हा सुजलाय, पण तिला एका जागी बसवेल असा डॉक्टर अजून जन्मायचाय. काल तिने तुझ्यासाठी पेरूच्या वड्या केल्या. मीच घेऊन येणार होते, पण शनिवारनंतर तुझ्याकडे यायला मला तोंड राहिलेलं नाही. म्हणून बसच्या ड्रायव्हरजवळ देतेय, सोबत हे पत्र. वड्या आधी खा. पत्र वाचल्यावर घशाखाली उतरतील असं वाटत नाही.

आपण आधी वर्गमैत्रिणी, नणंद-भावजय नंतर. त्या जुन्या हक्काने लिहितेय. तेवढा तरी शिल्लक असेल असं धरून चालते.

तू शनिवारी जे बोललीस त्याचा मला राग नाही. दादाची राख आभाळात सोडायला लोक कुठून कुठून आले होते. क्लबातल्या गिल्मारने राखेची पिशवी छातीशी बांधली होती, पॅराशूटने उडी मारताना सोडायला. तू आणि रायाने, दोघी पांढरे कपडे घालून खाली मैदानात उभ्या. आणि मी विमान बारा हजार फुटांवर नेलं, पश्चिमेला काळं आभाळ पाहिलं आणि उडीसाठी ‘दार’ म्हटलंच नाही. सगळ्यांना तसंच खाली घेऊन आले. गिल्मार मागून ओरडत होता, “अगं बाई, हा पाऊस इकडे येतच नाहीये! तुझ्या भावाला आभाळात घेऊन आलोय, भाजी घेऊन नाही!” विमानात बसून जमिनीवर परत येणं म्हणजे उडीवाल्यांची किती नामुष्की, ते तुला मी काय सांगणार! वीस मिनिटांत आभाळ लख्ख झालं. एक थेंब पडला नाही. तू म्हणालीस, “भावाला निरोप द्यायचीसुद्धा तुझी छाती होत नाही?” आणि रायानेचा हात धरून निघून गेलीस.

पण जाता जाता रायाने मागे वळली होती, ते तू पाहिलं नाहीस. गाडीजवळून धावत आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “आत्या, तू बरोबर केलंस. पप्पांनी त्या दिवशी खाली नीट पाहिलं असतं, तर आज ही वेळच आली नसती ना?”

पंधरा वर्षांची पोर माझी समजूत घालत होती. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

खरं म्हणजे या पत्रात मी एवढंच लिहिणार होते की मला क्षमा कर, गिल्मारला म्हणावं दुसरा दिवस ठरव. तीन कागद फाडले. हा चौथा.

चोवीस फेब्रुवारीबद्दल लिहिते, दादा गेला त्या दिवसाबद्दल.

त्या दिवशी सकाळी मी एक फेरी अर्ध्यातून परत आणली होती. ढग आडवे आले म्हणून. क्लबातल्या बाकावरच्या उडीवाल्या मंडळींनी माझी यथेच्छ टिंगल केली. कुणीतरी माझ्या सीटला छत्री बांधून ठेवली. दादाच असणार, गाठ त्याचीच होती. मीही हसले. वरवर हसले. अकरा वर्षं विमान चालवतेय, पण अजून कुणी ‘आमची पायलट’ म्हणत नाही, ‘ओतोनिएलची बहीण’ म्हणतात. छत्री मला फार लागली होती.

दुपारी शेवटची फेरी. दादा आणि आणखी तिघं. आमचा रिवाज तुला माहीत आहे. पायलट ‘दार’ म्हणेपर्यंत कडीला कुणी हात लावायचा नाही. पायलटने म्हटलं की पुढचं दारातल्या माणसाचं. तो डोकं बाहेर काढतो, खाली बघतो, वाटलं तर उडी मारतो. चौकशीच्या अहवालात हेच लिहिलंय: दारातल्या अनुभवी माणसाने पाहून निर्णय घेतला, वाऱ्याचा अंदाज चुकला. गावात, क्लबात, तुझ्या माहेरी सगळे हेच म्हणतात. तूही म्हणतेस. हट्टी होता, कुणाचं ऐकायचा नाही.

विमान उत्तरेला चाललं होतं. आपल्या त्या छोट्या विमानाचं दार उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. मी बसते डावीकडे. पूर्वेला ऊन होतं, ऊस हिरवागार, काही म्हणजे काही नव्हतं. दादाने डोकं काढून नीट पाहिलं. त्याला जे दिसणं शक्य होतं ते सगळं त्याने पाहिलं.

माझ्या बाजूला, पश्चिमेला, नदीपलीकडच्या उसातून लाल धूळ उठत होती. एका सरळ रेघेत, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत. वादळाच्या पुढे धावणारा वारा असा दिसतो. पहिल्या वर्षी पायलटला हेच शिकवतात.

मी ती पाहिली, क्लेओनिसे. ‘दार’ म्हणायच्या आधी पाहिली. मनात हिशेब केला, यायला दहा मिनिटं लागतील, हे सात मिनिटांत जमिनीवर असतील. तेवढ्यात दादा मागून म्हणाला, “काय गं, आज पुन्हा छत्री उघडू का?” सगळे खो-खो हसले.

आणि मी म्हटलं, “दार.”

वारा पाच मिनिटांत पोचला. ते तिघं उसात पडले, खरचटण्यावर निभावलं. दादाचं पॅराशूट लहान, वेगाचं. वाऱ्याने त्याला कारखान्याच्या गोदामाच्या भिंतीवर नेलं.

चौकशीत साहेबाने विचारलं, “तुम्हाला काही दिसलं होतं का?” मी म्हटलं, “दारात तो होता, खाली त्यानेच पाहिलं.” यात एक शब्द खोटा नाही. साहेबाने मला पाणी दिलं, म्हणाला, “धीर धरा.” तूही अंत्यविधीच्या दिवशी माझा हात सोडला नव्हतास. मी तो सोडवून घेतला नाही.

शनिवारी पश्चिमेला काळं दिसलं तेव्हा मी घाबरलेच होते, खोटं कशाला बोलू! पण पुन्हा तसं आभाळ दिसलं तर पुन्हा परत आणेन. उगीच परत आणलं म्हणून लोक हसले तर हसू देत. फेब्रुवारीत मला हे एवढंच जमायला हवं होतं.

उद्या सकाळच्या बसने मी विमान खात्याच्या कचेरीत जातेय, जबाब दुरुस्त करायला. परवाना जाईल. कदाचित आणखीही काही होईल. आईला मी आज संध्याकाळी सांगणार आहे. राखेसाठी गिल्मारला दुसरा पायलट बघायला सांग. मी त्या दिवशी यावं की नाही, ते तू ठरव. येऊ नको म्हणालीस तर कारण विचारणार नाही.

पण अहवाल बदलायला महिने लागतील, आणि तेवढे दिवस त्या पोरीने बापाला दोष देत राहू नये. रायानेला आजच सांग. तिच्या पप्पांनी खाली नीट पाहिलं होतं. ज्या बाजूला वारा होता ती आत्याची बाजू होती, आणि आत्या बोलली नाही.

ओतोनिएलची बहीण,
दिर्से